तांडेलांची सही

माझी आणि तांडेलांची ओळख भांडणातून झाली असं मी लोकांना सांगतो, पण ते खरं नाही. भांडलो मी एकटाच. ते नुसते दारात उभे होते आणि माझं संपायची वाट बघत होते.

तेव्हा आम्ही अजमानला राहायचो. नोकरी शारजात, भाडं अजमानचं आणि ऐट दुबईची, अशी आमची तीन अमिरातींत विभागलेली अवस्था होती. नवी गाडी घेतली होती आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणून मी ती जरा मोकळीढाकळी लावायचो. एका सकाळी खाली येतो तर वायपरखाली पिवळा कागद. मला वाटलं पोलिसांचा दंड. उघडून बघतो तर वर ठळक छापलेलं, ‘लेटर ऑफ प्रोटेस्ट’. खाली सुवाच्य इंग्रजीत मजकूर असा, की आपलं वाहन माझ्या जागेत बावीस सेंटिमीटर आत उभं असल्याचं आढळलं. दोनदा मोजलं. कोणतीही मागणी नाही. केवळ नोंदीसाठी. मग सही, फ्लॅट नंबर आणि वेळ.

आता लोकांना मेमो देणं हा माझा धंदा. मी एचआरमधला माणूस. मलाच कुणी मेमो द्यावा म्हणजे काय? तसाच चौथ्या मजल्यावर गेलो आणि बेल दाबली. दार उघडलं ते पन्नाशीच्या, सुक्या लाकडासारख्या एका गृहस्थांनी. अंगात बनियन, नाकावर चष्मा, हाताला कोळंबी सोलल्याचा वास. मी शेजारधर्म, माणुसकी, मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय कसे ओढतो, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकलं.

“झालं? या, चहा घ्या,” ते म्हणाले. “भांडायचं नाही कर्णिकसाहेब. लिहून ठेवायचं.”

“अहो, पण बावीस सेंटिमीटरसाठी?”

“एकवीस असते तर एकवीस लिहिलं असतं.”

चहा मात्र फक्कड होता. त्या दिवसापासून मी गाडी उतरून, वाकून, दोन्ही बाजूंनी बघून लावायला लागलो. आजही अबू धाबीतल्या अल रीमच्या टॉवरमध्ये, तिसऱ्या तळघरात, मी वाकून बघतो. तिथले फिलिपिनो शेजारी मला काहीतरी सापडत नाहीये असं समजून मदतीला येतात.

तांडेल मूळचे उरणचे. नोकरी फुजैरात, बंकर सर्व्हेअर म्हणून. फुजैराच्या समुद्रात जहाजांच्या रांगा उभ्या असतात, त्यांना छोट्या बोटींतून इंधन भरतात. विकणारा म्हणतो इतकं दिलं, घेणारा म्हणतो इतकं नाही मिळालं. अशा वेळी दोघांच्या मधे टाक्यांच्या झाकणाशी उकिडवा बसून, पितळी वजन लावलेली पोलादी टेप तेलात सोडून, खरं किती आहे ते सांगणारा माणूस म्हणजे तांडेल. त्यांनी एकदा आम्हाला फुजैराच्या किनाऱ्यावर नेऊन लांबूनच ती जहाजं दाखवली होती. मी विचारलं, “कंटाळा नाही येत? रोज तेच तेल, तीच टेप.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने समुद्र बघायला लागलो.

त्यांच्या कामात काही मनाविरुद्ध झालं तर आरडाओरडा करत नाहीत. पिवळं पॅड काढतात, ‘लेटर ऑफ प्रोटेस्ट’ लिहितात, समोरच्याच्या हातात देतात. समोरचा ते घेतो, सही करतो आणि सहीशेजारी लिहितो, ‘फॉर रिसीट ओन्ली’. म्हणजे कागद मिळाला एवढंच मान्य, आतला मजकूर नाही. दोघेही मग एकत्र जेवायला बसतात. ही पद्धत तांडेलांनी अख्ख्या आयुष्याला लावून टाकली होती. लिफ्ट बंद पडली, वॉचमनला प्रोटेस्ट. मंडळाच्या गणपतीत साबुदाणावडा गार निघाला, अध्यक्षांना प्रोटेस्ट, वड्याच्या तपमानासकट. तांडेलवहिनींना आमटीतल्या मिठाबद्दल दोन मिळाले होते. त्यांनी ते कपाटाच्या कप्प्यात अंथरले होते.

आणि स्वतः कुठेही सही करताना, मग तो कुरियरवाला असो की बँक, ते शेजारी बारीक अक्षरांत ‘फॉर रिसीट ओन्ली’ लिहायचेच. “लग्नाच्या रजिस्टरवर काय लिहिलंय, मी अजून बघितलेलं नाही,” वहिनी म्हणायच्या. “म्हटलं, राहू दे बाई.”

मला ही सगळी गंमत वाटायची. ऑफिसात जेवताना मी तांडेलांची नक्कल करून दाखवायचो आणि लोक हसायचे. माझ्या विनोदबुद्धीबद्दल माझं तेव्हा फार चांगलं मत होतं.

आमची सानिका तेव्हा दहा वर्षांची. संध्याकाळी पार्किंगमध्ये पोरं खेळायची. ही बया जागा आखलेल्या एका पट्टीपर्यंत धावत यायची आणि मधली अख्खी जागा ओलांडून पलीकडच्या पट्टीवर उडी मारायची. मी बाल्कनीतून ओरडायचो, “सानू, गुडघे फुटतील!” एक दिवस खाली बघतो तर तांडेल जमिनीवर बसून टेप लावताहेत आणि सानिका कंबरेवर हात ठेवून उभी.

“पुन्हा मार,” ते म्हणाले. तिने मारली. त्यांनी पुन्हा मोजलं. मग मान वर करून मला म्हणाले, “कर्णिकसाहेब, ही पोरगी तुमच्याकडे वाया चाललीये.”

तांडेल स्वतः कॉलेजात असताना लांब उडी मारायचे, हे मला तेव्हा कळलं. किती मारायचे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणाले, “त्या वेळी मोजणारा नीट नव्हता. खोटा आकडा कशाला सांगू?”

सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला एका शाळेच्या मैदानावर प्रॅक्टिस सुरू झाली. उन्हाळ्यात पाचला. आठ वर्षं! मधे मला बढती मिळाली, आम्ही अबू धाबीला अल रीमवर राहायला गेलो, तरी शनिवारी पहाटे मी दीड-दोन तास गाडी हाणत सानिकाला अजमानला आणायचो. आल्यावर मी खुर्चीत बसून मार्गदर्शन करायचो. तांडेल दाताळं घेऊन वाळू ओढायचे. ते तिला कधी शाबास म्हणाल्याचं मला आठवत नाही. आकडा सांगायचे. ती विचारायची, “अंकल, नेक्स्ट वीक फाइव्ह मीटर्स?” मी खुर्चीतून म्हणायचो, “इन्शाल्ला!” तेव्हा ते टेप गुंडाळत म्हणायचे, “इन्शाल्ला उद्यासाठी म्हणायचं. आज जे झालं त्याचा आकडाच सांगायचा.”

माझ्या हातून एक पाप याच मैदानावर घडलं. सानिका सतरा वर्षांची होती, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कोचना तिचे व्हिडिओ आणि आकडे पाठवायचे होते. स्कॉलरशिपचा प्रश्न होता. त्या दिवशी टेपचं वाळूतलं टोक धरायचं काम माझ्याकडे आलं. झिरो तिच्या टाचेच्या खुणेवर धरायचा, तांडेल उडी घ्यायच्या फळीपाशी आकडा वाचणार. मी खाली वाकलो आणि माझ्यातला बाप जागा झाला. झिरो हलकेच फळीपासून लांब सरकवला. जास्त नाही, बोटभर. तांडेलांनी आकडा वाचला. लिहिला नाही. चालत माझ्यापाशी आले, वाळूकडे बघितलं आणि म्हणाले, “कर्णिकसाहेब, टाच इथे आहे. आणि इथे तुमचा अंगठा उमटलाय.”

मी खुलासा करायला लागलो. वारा, घाम, माझी कंबर. ते म्हणाले, “पोरीची उडी आहे. तिच्यात तुमचं काही घालू नका.” दुपारी घरी पोचलो तर व्हॉट्सअॅपवर पिवळ्या कागदाचा फोटो आलेला. विषय: वाळूतला अंगठा. सहा सेंटिमीटर. कोणतीही मागणी नाही. केवळ नोंदीसाठी. बायकोने, मेधाने, तो प्रिंट काढून फ्रीजवर लावला. खऱ्या आकड्यावरच स्कॉलरशिप मिळाली, हे सांगायला नकोच.

मी तोवर त्यांना फी द्यायचा तीन वेळा प्रयत्न केला होता. तिन्ही वेळा तेच उत्तर. “माझ्या व्हिसावर सर्व्हेअर लिहिलंय. कोच नाही लिहिलेलं.”

“अहो, कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

मी मेधाला म्हणालो होतो, “माणूस अतिच करतो.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मलाच गिळावं लागलं.

माझ्या कामाबद्दल आता नीट सांगायला हवं, कारण पुढचा गोंधळ त्यातूनच झाला. मी ‘कॉम्पेन्सेशन अँड बेनिफिट्स मॅनेजर’ आहे. म्हणजे कुणाला किती पगार, कुणाला घरभाडं, कुणाला वर्षाचं विमानाचं तिकीट, आणि यातलं शक्यतो काय काय टाळता येईल, हे ठरवणारा माणूस. त्यामुळे सानिका अमेरिकेला गेली आणि तिथल्या कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याचा वाद माझ्या कानावर पडायला लागला, तेव्हा मला वाटलं, देवाने हा विषय माझ्यासाठीच काढलाय.

वाद साधा होता. वर्षानुवर्षं तिथली मोठी कॉलेजं खेळाडूंच्या जिवावर स्टेडियमं भरवायची, टीव्हीशी करार करायची आणि खेळाडूंना सांगायची, बाळांनो, तुम्ही विद्यार्थी, तुम्हाला शिक्षण मिळतंय, पैसे कसले मागता? पोरं कोर्टात गेली. आधी त्यांना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिराती करून कमवायची मोकळीक मिळाली. मग कॉलेजांनीही थेट वाटा द्यायला हरकत नाही असं ठरलं. पण खेळाडू हा विद्यार्थी की कामगार, हा मूळ प्रश्न लटकतच राहिला. आणि सानिकासारखे स्टुडंट व्हिसावर परदेशातून आलेले? त्यांना त्या व्हिसावर असं काम करून पैसे घेता येत नाहीत. सानिकाच्या कॉलेजाने स्पष्ट सांगितलं होतं, आमचे वकील बघताहेत, तोवर बाहेरचा कुठलाही करार आम्हाला विचारल्याशिवाय करू नका.

तांडेलांच्या घरी सुरमई खाताना मी हा विषय काढला. मी म्हणालो, “सरळ आहे. वेळ ठरलेली, साहेब ठरलेला, गणवेश ठरलेला, रजा विचारून घ्यायची. कामगारच!”

“मग ग्रॅच्युइटी देणार का तुम्ही?” तांडेलांनी काटा काढत विचारलं.

“मी कंपनीच्या बाजूने असतो तर सांगितलं असतं, विद्यार्थी आहेत.”

वहिनी हसल्या. तांडेल हसले नाहीत. “पैसे मिळायलाच पाहिजेत पोरांना,” ते म्हणाले. “उडी तिची, घाम तिचा, तिकीट विकणार कॉलेज. पण मिळायला पाहिजेत आणि घेता येतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सानूला सांगा, सही करताना वाचत जा.”

सानिकाची रूममेट तिच्यापेक्षा कमी उडी मारायची आणि एका आइस्क्रीमच्या दुकानाची जाहिरात करून पैसे घ्यायची. सानिकाला त्याचं काही नव्हतं. फोनवर म्हणायची, “बाबा, इट्स फाइन. आय गेट फ्री आइस्क्रीम.” फाइन मला नव्हतं. मी रात्रंदिवस लोकांच्या बेनिफिट्सचे तक्ते करतो आणि माझ्याच पोरीच्या रकान्यात शून्य? माझ्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली. भन्नाट कल्पना मला वर्षातून एकदाच येते, आणि दर वेळी मेधाला ती आधीच वासावरून कळते.

अजमानला आमच्या ओळखीच्या भूषणचं फरसाणाचं दुकान होतं. तो नवी प्रोटीन चिक्की काढत होता. मी म्हटलं, पाकिटावर सानिकाचा फोटो टाक, ती मैदानावर कॉलेजचा शर्ट घालून बारा रील्स करून देईल, पैसे इथे माझ्या खात्यात दे. महिन्याला दोन हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस हजार रुपये! भूषण म्हणाला, “यल्ला, करून टाकू.” पैसे इथले, चिक्की अजमानची, खाणारे मराठी, अमेरिकेचा काय संबंध? पोरगी उड्या अमेरिकेत मारणार, रील अमेरिकेत करणार, आणि तिच्या पासपोर्टात व्हिसा अमेरिकेचा आहे, हा बारकावा माझ्यासारख्या तज्ज्ञाच्या नजरेतून सुटला. सात पानांचा करार मी स्वतः लिहिला. त्यात ‘आजन्म चिक्की’ असं एक बेनिफिटसुद्धा घातलं होतं.

सानिका म्हणाली, “बाबा, त्यांनी विचारायला सांगितलंय. कॅन वी आस्क फर्स्ट?”

“अगं, मी पंचवीस वर्षं हेच करतोय! तू नुसती सही कर.”

दोन दिवस तिने टाळलं. मी रोज फोन केला. आवाजही चढवला, हे खोटं कशाला बोलू. शेवटी तिने कागद छापून, पेनाने सही करून त्याचा फोटो पाठवला. सहीशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं, ‘फॉर रिसीट ओन्ली. आय हॅव नॉट अॅग्रीड.’ मी इतका चिडलो! म्हटलं, हे त्या तांडेलांचं खूळ पोरीच्या डोक्यात शिरलंय, चांगला करार घाण करून टाकला. भूषणला तो कागद मी पुढे पाठवला आणि म्हणालो, “ते बारीक अक्षर सोड, नंतर नीट सही घेऊ.”

भूषणने सगळंच सोडलं. चार दिवसांत पाकिटं छापली, सानिकाचा कॉलेजच्या शर्टातला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि कौतुकाने कॉलेजला टॅग केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सानिकाचा फोन. रडत होती. कॉलेजच्या नियमांचं बघणाऱ्या बाईंनी बोलावून घेतलं होतं. चौकशी पूर्ण होईपर्यंत स्पर्धा बंद. करार केला असेल तर स्कॉलरशिप जाऊ शकते, आणि व्हिसाचं उत्तर त्यांच्या हातात नाही. “बाबा, दे मे सेंड मी बॅक,” ती म्हणाली. पंचवीस वर्षं मी लोकांना समोर बसवून वाईट बातम्या सांगतोय, त्या वेळी टेबलाच्या कुठल्या बाजूला खुर्ची ठेवावी यावर प्रेझेंटेशन देतो. त्या दिवशी मी खुर्ची सोडून सरळ जमिनीवर बसलो. मेधा फक्त म्हणाली, “तांडेलकाकांकडे जा.”

शनिवारी सकाळी अजमान गाठलं. रस्ताभर मी तयारी केली होती, ते काय बोलतील आणि मी काय ऐकून घेईन याची. “पेपर दाखवा,” एवढंच ते म्हणाले. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, सातही पानं वाचली, आजन्म चिक्कीपाशी क्षणभर थांबले, आणि शेवटच्या पानावरची ती बारीक अक्षरं बघितली. मग खुर्चीत मागे टेकले.

“वाचली पोरगी,” ते म्हणाले. आणि वहिनींना हाक मारून, “अगं, सानूने लिहिलंय बघ! सांगितलेलं लिहिलंय!” इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग माझ्यापुढे त्यांनी कोरा कागद ठेवला. “आता तुम्ही लिहा. काय केलंत ते. का केलंत ते नको.”

मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, ‘अॅज अ डीपली कन्सर्न्ड फादर...’ त्यांनी त्यावर रेघ मारली. “कन्सर्न्ड किती, मोजलंत का? नसेल तर काढा.” दुसऱ्या मसुद्यात मी भूषणला जबाबदार धरलं, तिसऱ्यात संदिग्ध नियमांना. तिन्ही फाडले. दुपारी जेवण झालं, वहिनींनी दोनदा चहा दिला. शेवटी कागदावर जे उरलं ते असं: करार मी लिहिला. मुलगी विचारून घेऊ म्हणाली, मी ऐकलं नाही. तिने कागद मिळाल्याची सही केली, करार मान्य केला नाही. एकही रील झालं नाही. पैसे कुणालाही मिळाले नाहीत. पाकिटं मागे घेतली आहेत. सहा-सात छोटी वाक्यं, पण ती लिहायला मला पावणेचार तास लागले. आयुष्यात लिहिलेलं माझं तेवढंच एक पत्र मला अजून तोंडपाठ आहे. भूषणची पाकिटं अर्थात मीच विकत घेतली. वर्षभर आमच्या ऑफिसात कुणाचाही वाढदिवस असला तरी चिक्कीच.

पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत एक स्पर्धा हुकली, तिची सगळ्यात महत्त्वाची. मग निकाल आला, करार झालेलाच नाही, खेळायला मोकळी. त्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, हे ‘फॉर रिसीट ओन्ली’ तुला कुणी शिकवलं?

“माय कोच.”

“इज ही अ लॉयर?”

“नो मॅम. ही मेजर्स ऑइल.”

बाहेर पडायच्या आधी सानिकाने त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवला. तो तिने तांडेलांना फोनवर वाचून दाखवून लिहिला होता. मी इथे उडी मारते. माझ्या शेजारची मारते. शर्ट एकच. तिला मोबदला घेता येतो, मला येत नाही. हे मला मान्य नाही. कोणतीही मागणी नाही. केवळ नोंदीसाठी. बाईंनी तो वाचला, सही करून फायलीत लावला. वाद अजून चालूच आहे, सानिकाला अजून काही मिळत नाही. पण तो कागद तिथे आहे, आणि मला कोर्टातल्या सगळ्या निकालांपेक्षा त्याचा जास्त अभिमान वाटतो.

मागच्या उन्हाळ्यात तांडेलांची नोकरी संपली. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की खलास, गावी जायचं. तीस वर्षं राहिलात की तीन, इथे सगळ्यांना तेच. सानिका सुट्टीला आली होती. आम्ही दोघं अजमानला गेलो. बिल्डिंगखाली त्यांची खोकी उभी होती, कार्गोवाला आला होता. वहिनी वर घर झाडत होत्या. घर सोडायच्या दिवशीही झाडत होत्या.

मी खिशातून पैशांचं बंद पाकीट काढलं. “तांडेलसाहेब, आता नाही म्हणू नका. आता व्हिसा कॅन्सल झालाय. कोण विचारतंय?”

“तेव्हा निदान सर्व्हेअर होतो,” ते म्हणाले. “आता तर काहीच नाही.” त्यांनी पाकीट हातात घेतलं, पेन काढलं, पाकिटावरच सही केली, शेजारी बारीक अक्षरांत ते तीन शब्द लिहिले, आणि पाकीट माझ्या खिशात परत ठेवलं. वरून खिशावर थोपटलंसुद्धा. मला हसू आलं. मला बोलायचं होतं. तुमच्यामुळे माझी पोरगी वाचली, माझ्यापासून वाचली, असं म्हणायचं होतं. मी म्हणालो, “उरणला पाऊस कसा आहे?”

सानिकाने मग तिच्या बॅगेतून तो नंबर काढला, स्पर्धेत छातीवर लावतात तो. हाच नंबर लावून तिने कॉलेजच्या एका स्पर्धेत सहा मीटर ओलांडले होते. मागच्या बाजूला तिने पेनाने आकडा लिहिला होता आणि खाली, ‘दोनदा मोजलं’. मराठीत. तिचं मराठी अक्षर दुसरीतल्या पोरासारखं आहे. तांडेलांनी तो नंबर घेऊन बगलेत धरला.

“अंकल, प्रोसीजर,” ती म्हणाली आणि तिने घडी घातलेला कागद पुढे केला. ‘एक नंबर मिळाला. आठ वर्षांच्या बदल्यात.’ त्यांनी चष्मा पुसला. कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली, खोक्यावर ठेवून सही केली आणि घडी घालून तिला दिला. “जा आता. ट्रॅफिक लागेल,” म्हणाले. तेवढ्यात कार्गोवाल्याने खोक्याला मोजायची टेप लावून “साठ” असं सांगितलं, आणि तांडेल त्याच्याकडे वळले. “फिर से नाप, भाई.”

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “काय लिहिलंय बघ. माझ्यासारखंच ना?” मी पाकिटावर हात ठेवला होता. मला माझ्याइतकंच तिलाही मिळालेलं बघायचं होतं, इतका मी क्षुद्र माणूस आहे.

सानिकाने घडी उघडली. मग कागद माझ्यासमोर धरला. पूर्ण सही होती. शेजारी काहीही लिहिलेलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “ही डिडन्ट राइट इट.”

मी आरशात बघितलं. तांडेल खोक्यापाशी खाली वाकले होते, नंबर बगलेत धरून, टेपवरचा आकडा दुसऱ्यांदा वाचत होते.